भिंतीकडची कूस

एक हात नवऱ्याच्या खांद्याखाली, दुसरा कमरेखाली सरकवून तिने श्वास रोखला आणि त्याला भिंतीकडच्या कुशीवर वळवलं. तो पुन्हा उताणा होऊ नये म्हणून पाठीशी उशी लावली. तो रंगारी होता. परांचीवरून पडल्यापासून मानेखालचं अंग त्याचं उरलं नव्हतं.

नणंद चादर ओढून घेत म्हणाली, "वहिनी, दादा किती हलका झालाय! तुझ्या कमरेला तेवढाच आराम."

वहिनीने उशी आणखी आत सारली. शाळेत ती विज्ञान शिकवायची. वजन तेच राहिलं आणि टेकायची जागा कमी झाली की दाब वाढतो, हे तिने वर्षानुवर्षं खिळ्याचं टोक दाखवून समजावलं होतं. इथे वजन उतरलं होतं खरं, पण मांस त्याहून भराभर झडलं होतं. उताणं ठेवलं की सगळा माणूस माकडहाडाच्या टोकावर यायचा. तिथली जखम आता आत आत चालली होती. हवेची गादी आणून झाली, मलमं झाली. "उताणं अजिबात नको," एवढंच डॉक्टर म्हणाले होते, तेही हात पुसता पुसता, तिच्याकडे न बघता.

नणंद चहा टाकायला आत गेली.

"ऐक ना," तो भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला. "मला उताणा ठेव."

"अहो, जखम चिघळेल."

"मला कुठे दुखतंय?"

"तेच तर वाईट आहे."

तो हसला. "बाई, एक शंका आहे. असा कुशीवर पडून राहिलो, तर भरेल का ती?"

ती हातातलं फडकं घडी करत राहिली. घडी झाली, तिने ती मोडली, पुन्हा घातली.

"नाही," ती म्हणाली.

"मग? या कुशीला भिंत, त्या कुशीला कपाट. भिंत रंगवली कुणी ते मला माहीत आहे, कोपऱ्यात रंगाची बोंब आहे. उताणा असलो की तू वाकतेस, तुझं तोंड तरी दिसतं."

"हाडापर्यंत जाईल हो. ताप चढेल. मग हातात काही राहणार नाही."

"आत्ता काय आहे हातात?"

आत भांडं वाजलं. तिने दाराकडे पाहिलं, मग उशीचं टोक धरलं आणि सावकाश ओढून काढलं. तो आपल्याच भाराने पाठीवर कलंडला. डोळे मिचकावत त्याने तिच्याकडे पाहिलं.

"केस किती पिकलेत तुझे," तो म्हणाला.

नणंद कप घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. "वहिनी, अगं हे काय? डॉक्टर काय म्हणाले होते?"

ती त्याच्यावर वाकलेलीच होती. वाकून वाकून कंबर भरून आली होती, तरी ती सरळ झाली नाही.