शिलाईकाकूंनी दिलेली खोळ

मित्रांनो, माझ्या पितळी चाकांवरचा काळा रंग उडाला आहे, पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे; पण नजर अजून शाबूत आहे. मी रक्ततपासणीच्या खोलीतला जुना सूक्ष्मदर्शक. एका चिवट कारागिराने घासघासून माझी भिंगे बसवली आणि मी इथे आलो. तेव्हा माझा थाट काय विचारता! काचपट्टीवर थेंबभर रक्त पसरून, रंगवून, सगळे माझ्यापाशीच येत. कुणाच्या तांबड्या पेशी फिक्या, कुणाच्या विळ्यासारख्या वाकलेल्या. निदान झाले की उपचार सुरू होत, आणि मी मनातल्या मनात फुगून जाई.

मग मोजणीचे यंत्र आले. मिनिटभरात आकड्यांचा कागद हातात! माझ्यावर फडके पडले. खोटे कशाला बोलू, त्या यंत्राचा मला फार राग येई.

एके सकाळी कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या शिलाईकाकू आल्या. चेहरा पांढराफटक. चार महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही थकवा जात नव्हता, त्यात बोटांना मुंग्या. रक्त घेणाऱ्या आमच्या तपासनीस ताईंना म्हणाल्या,

"अहो ताई, काल सुई बोटात घुसली, ते कापडावर रक्त दिसलं तेव्हा कळलं मला! हातच गेले तर मी करू काय?"

यंत्राने सांगितले, हिमोग्लोबिन कमी, पण तांबड्या पेशींचा आकार योग्य.

"लोहाचा डोस वाढवू," डॉक्टर म्हणाले.

ताई खमक्या. "डॉक्टर, हा आकार सरासरीचा आहे. लहान-मोठं मिसळलं तरी मध्यमच निघतं. पेशी कुणी डोळ्यांनी बघितल्यात का?"

माझ्यावरचे फडके उडाले. ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकला. आणि काय सांगू! काही पेशी बारीक, फिक्या. काही चांगल्या मोठ्या, अंडाकृती. पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे एरवी तीन-चार भाग असतात, तिथे चक्क सहा.

"बारीक पेशी लोह कमी असल्याच्या, पण या मोठ्या बी-ट्वेल्व्ह कमी असल्याच्या; तेसुद्धा तपासा," ताई म्हणाल्या.

ते जीवनसत्त्व पार तळाला गेले होते. नसा कायमच्या बिघडण्याआधी कळले म्हणून बरे. इंजेक्शने सुरू झाली. यंत्रावरचा माझा रागही त्याच दिवशी गेला. त्याने विचारले तेवढे बरोबर सांगितले होते. पुढचे विचारायचे माणसांकडून राहिले.

काही महिन्यांनी काकू आल्या, गालांवर रंग घेऊन. माझ्यासाठी निळ्या कापडाची खोळ आणली होती!

"उपचार चालू असताना हातानंच शिवली. बोटं परत येतायत का बघत होते."

एका कडेचे टाके वेडेवाकडे होते. पुढे ते सरळ होत गेले, शेवटचे तर तिळाएवढे बारीक.

"ही वाकडी कड उसवून नीट करून देता का?" ताईंनी चिडवले.

"मुळीच नाही! तिथूनच तर मी आले."

मित्रांनो, माझ्या भिंगांवरचे तेल रोज पुसा, धूळ बसू देऊ नका. आणि आकडे ठीक असूनही माणसाला बरे वाटत नसेल, तर माझी खोळ उचला. वाकड्या टाक्यांची कड पुढेच असते, तिथेच धरा.