बिनलाईटीची मोटार

"सोड ते दावं! म्हैस कुठं जायची न्हाय!" नागम्मा गोठ्याच्या तोंडाशी ओरडत उभी होती, तेवढ्यात शिवकुमार शाळेची पिशवी घेऊन तसाच येऊन पोचला. तो हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. बाप लहानपणीच गेलेला, चुलत्यानं म्हणजे महालिंगप्पानं, त्याच्या आप्पांनी, त्याला शिकवून मोठा केला. म्हणून तर काकूनं, नागम्मानं, त्यालाच निरोप धाडला होता.

अंगणात एक यंत्र घरघरत होतं. मोटार, बैलगाडीच्या चाकाएवढं लोखंडी चाक, पलीकडं डायनामो, आणि बुडाला कुलूप ठोकलेली पत्र्याची पेटी. लोहारा गावाकडून आलेला व्यंकट ते म्हशीच्या बदल्यात देत होता. घरातल्या लाईटीवर घटकाभर चालवून त्यानं वायर उपसली, तरी चाक आपलं फिरतंय अन् बल्ब जळतोय. सगळं गाव तोंड वासून बघत होतं.

"मोटार चाक फिरवती, चाक डायनामो फिरवतं, डायनामोची लाईट परत मोटारीला," व्यंकट म्हणाला. "झालं! लाईटीसाठी रातभर जागायचं कामच न्हाय."

परवाच शिवकुमारनं पोरांकडून घोकून घेतलं होतं, ऊर्जा निर्माण करता येत नाही. आणि त्याच पोरांचे बाप इथं माना डोलावत होते.

"आप्पा, ह्ये खोटं हाय. चाकाला जेवढी ऊर्जा दिली तेवढीच त्यात ऱ्हाती, वरून घर्षणात जाती. त्या बेअरिंगला हात लावून बघा."

आप्पांनी बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. "आर्र, भाजतंय की!"

"मग? ऊर्जा अशी उष्णता होऊन चाललीय. चाक थांबायलाच पायजे. थांबत न्हाय म्हंजे पेटीत बॅटरी हाय."

"ऐकलं का रं?" आप्पा गावाकडं वळून हसले. "आत मावंना म्हणून पावर बाहीर येतीय! सर सोता सांगायलेत!"

"पेटी उघड," शिवकुमार व्यंकटवर खेकसला.

"उघडली की पावर उडती, सर."

लोकांना तेही पटलं. गाढवापुढं वाचली गीता, दुसरं काय! मग कुणीतरी नारळ आणला. सरांच्याच हातानं फोडायचा म्हणे. शिवकुमार मागं सरला, तसा आप्पांचा आवाज बारीक झाला.

"तुला शिकवताना म्या कधी हात आखडला न्हाय, शिवा."

शिवकुमारनं नारळ फोडला. स्वतःचीच किळस आली त्याला. व्यंकटनं म्हैस हाकलत नेली, आणि नागम्मानं शिवकुमारकडं एकदा बघून पदर तोंडाला लावला.

यंत्र शेतातल्या विहिरीवर नेऊन पंप जोडला तसं ते गुरगुरलं आणि गप्प झालं. गहू निसवायला, ओंब्या धरायला आलेला, पाण्याची आत्ताच गरज. व्यंकटचा फोन लागेना. शिवकुमारनं दगडानं कुलूप फोडलं. आत ट्रॅक्टरची बॅटरी होती, मेलेली.

"आता तरी पटलं का?" त्यानं विचारलं.

"पटलं की," एरवी पारावर बसणारा हणमंतप्पा म्हणाला. "भरल्या अंगणात तुमी खोटं म्हणालात. चालत्या यंत्राला दृष्ट लागली."

बाकीचे हुंकारले. शिवकुमारला वाटलं, ह्यांच्या तोंडावर थुंकावं. पण तो तिथनं तसाच निघून गेला.

दोन दिवस त्यानं शेताकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर राहवेना म्हणून गेला. विहिरीजवळ घरघर ऐकू येत होती. आप्पांनी लोहाराकडून चाकाला दांडा जोडून घेतला होता आणि पट्टा सरळ पंपावर चढवला होता. एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं नागम्मा, दोघं वाकून वाकून चाक फिरवत होती. आप्पांचा सदरा पाठीला चिकटला होता. नागम्माचे तळवे फुटून दांडा लाल झाला होता. पाइपातून चूळ भरावी एवढं पाणी पडत होतं, ते दंडाच्या चरातच जिरत होतं.

शिवकुमारला पाहून आप्पांचे डोळे चमकले.

"बघ! हाय का कुठं लाईट? चालतंय का न्हाय?"

"आप्पा, हात काढा," शिवकुमारचा आवाज चिरकला. "सोडा ते. काकूचे हात बघा."

आप्पा धापा टाकत चाक ओढतच राहिले.

"हात काढला की थांबतंय रं," ते म्हणाले. "तेवढी एकच खोट ऱ्हायलीय त्यात."