बर्फावर अडलेला गाडा

मी एक लोखंडी गाडा बोलतोय, चाकणच्या एका कारखान्यातला. लोक मला ट्रॉली म्हणतात. मला घाई नाही, तुम्हीही निवांत ऐका.

माझा माणूस रोहिदास. आम्ही दोघं मिळून माल वाहायचो. चाकांना वंगण घालताना तो भजन म्हणायचा. एका खंडेनवमीला त्यानं मला धुतलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजा झाली की त्या दिवशी अवजार हलवत नाहीत. पण आमच्या खात्याच्या रणजीतसाहेबांना माल आजच पाठवायचा होता. रोहिदासनं सांगून पाहिलं, पुढचं चाकही चिरलंय. साहेबांनी ऐकलं नाही. वळणावर चाक बसलं, मी कलंडलो, आणि पडलो तो रोहिदासच्याच पायावर.

चौकशीत साहेब म्हणाले, चाक ठणठणीत होतं, याचंच लक्ष नव्हतं. रोहिदासचं काम गेलं. आता तो रहाटणीत एका सोसायटीच्या गेटवर बसतो. पाय दुखतो त्याचं त्याला एवढं वाटत नाही. पण बायको जयमाला अजून मधूनच विचारते, खरंच लक्ष नव्हतं का तुमचं? ते त्याला लागतं.

मी भंगारात गेलो. गंजलो, पण विसरलो नाही.

मग कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी ऑफिसातल्या तनुजानं एक जुनी, जाडजूड रशियन कादंबरी घेतली आणि तिचं आजचं संगीत नाटक केलं. जमीनदाराचा साहेब झाला, त्याच्या जमिनीवर राबणाऱ्यांना निळे युनिफॉर्म आले, कीबोर्डच्या जोडीला ढोलकी आली. बर्फ मात्र ती काढेना. बर्फावरून साहेबाची घसरगाडी जायलाच हवी. म्हणून मला भंगारातून ओढून आणलं, थर्माकोल चिकटवला, वर कापूस पसरला. चाक कुणी पाहिलंच नाही.

साहेबाची भूमिका रणजीतसाहेबांना. आवाज गोड, शिवाय तालमीला सुट्टी देणारे तेच. कोरसमध्ये खणखणीत गळा हवा म्हणून तनुजानं रोहिदासला बोलावलं. गाडी ढकलणारा म्हातारा त्यानं करायचा. साहेब हसत म्हणाले, "येऊ दे की. लंगडा शोभेल तिथं."

त्याच दिवशी मी ठरवलं. तालमीत सुरळीत धावलो, एकदाही कुरकुरलो नाही.

प्रयोगाला नाट्यगृह भरलेलं. पुढे कंपनीचे मोठे अधिकारी. साहेब माझ्यावर बसून, मान ताठ करून गात होते. स्टेजच्या मधोमध आलो आणि सगळा भार मी चिरलेल्या चाकावर टाकला. बसलो तो बसलोच.

संगीत चालूच होतं. रोहिदास मागून हळू म्हणाला, "साहेब, चाक चिरलंय. न्हाई जायचा."

साहेबांचा चेहरा कारखान्यातल्यासारखा झाला. कॉलरला माईक आहे हे ते विसरले.

"तेव्हापण चिरलेलंच होतं ना? तेव्हा ढकललास, मग आता काय झालं? ढकल."

शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते. ढोलकी थांबली. कोरसवाल्यांनी माझ्यावरचे हात काढून घेतले. प्रेक्षकांत जयमाला उठून उभी राहिली. रोहिदास तिच्याकडे बघत राहिला.

तुम्हाला वाटेल, आता तरी या गाड्याचं मन निवलं असेल. नाही निवलं.

चौकशी पुन्हा उघडलीय आणि मी कुलपात आहे. काल साहेब वेल्डर घेऊन दाराशी आले होते, चाक बदलतो म्हणत. वॉचमननं परत पाठवलं. एवढंच मागतो, मला कुणी दुरुस्त करू नका. तेल नको, रंग नको. चौकशीवाल्यांनी साहेबांना शेजारी उभं करून या चिरेत बोट घालावं. मग खुशाल भट्टीत टाका मला.