सोनिका बसली की फ्यूज जातो

जितेंद्रने सासुरवाडीला, भरल्या पंगतीत, नको तो शब्द देऊन टाकला होता. पुढच्या रविवारी लाल गाडीतून सोनिकाला घेऊन काटोलला येईन. नाही आलो तर गाडी शालिकरामजींना विकून टाकीन. शालिकरामजी म्हणजे जुन्या गाड्यांचे शौकीन, ते टपूनच बसले होते. मेहुणा रोहित तर सगळ्यांदेखत म्हणाला, "भाऊजी, बसचे सुट्टे पैसे खिशात असू द्या." एखाद्या जावयाला पेटायला एवढं पुरे.

गाडी होती दोन सीटांची, बुटकी, विलायती, वयाने जितेंद्रच्याच बरोबरीची. वाडीला ट्रान्सपोर्टचा धंदा सांभाळता सांभाळता त्याने गोदामाच्या एका कोपऱ्यात तिचं इंजिन, पत्रा, वायरिंग सगळं स्वतःच्या हाताने नवं केलं होतं. मंगळवारी ती शहरातल्या महाल भागात फिरून यायची, बुधवारी अमरावती रोडने पळायची, कुरकुर म्हणून नाही. पण रविवारी सोनिका नटूनथटून शेजारी बसली, गाडी गोदामाच्या फाटकातून उजवीकडे वळली, की फट्! फ्यूज उडालाच. दिवे, हॉर्न, इंजिन, सगळं ठप्प. मागच्या दोन्ही खेपांना सोनिका पाय आपटत बसने माहेरी गेली होती.

आणि आज, शब्द दिलेल्या रविवारी, पुन्हा तेच झालं.

"मंगळवारी चालते, बुधवारी चालते, मी बसली का मेली," सोनिका खाली उतरत म्हणाली. "माह्यावर काहून जळते हे?"

"गाडी आहे वं ते. सवत नाही."

"मंग सवतीसारखी काहून वागून राहिली?"

जितेंद्र हसला खरा. पण गाडी जाणार, या कल्पनेनेच त्याला कसंनुसं होत होतं. दोघांनी मिळून ती ढकलत आत आणली. सोनिकाने पदर खोचला तो खोचलाच.

त्याने गेलेला फ्यूज काढला आणि त्याच्या जागी दोन वायरींनी एक छोटा बल्ब जोडला. गाडीतलं सगळं बंद असताना बल्ब विझलेला राहणार; कुठे उघडी वायर पत्र्याला टेकली की लख्ख पेटणार. सोनिकाला बल्बवर लक्ष ठेवायला सांगून तो आत शिरला आणि एकेक वायर हलवू लागला. दिव्यांची, हॉर्नची, स्टिअरिंगखालची.

"पेटला का?"

"नाही."

"आता?"

"नाही म्हणलं ना!"

शेवटी त्याने हात टेकले. "तू बस बरं आत. जशी रविवारी बसतेस तशी."

ती बसली. बल्ब ढिम्म. जितेंद्रने बाहेरून गाडी गदागदा हलवली आणि बल्ब पेटला, विझला, पुन्हा पेटला. तो ओरडलाच. टॉर्च घेऊन त्याने सोनिकाच्या पायांपाशी डोकं घातलं, समोरच्या कप्प्यामागे उजेड टाकला आणि तिथेच थिजला.

आत लिंबू-मिरची लटकत होती. ताजी, टवटवीत, लोखंडी तारेत ओवलेली. तार वर पत्र्याला अडकवलेली, आणि तिचं खालचं टोक झुलत झुलत वायरच्या एका उघड्या जोडाला टेकत होतं.

"हे कोणी बांधलं?"

सोनिका गाडीच्या छताकडे पाहू लागली. "दर शनिवारी बदलवतो मी. पुढे बांधली का तुम्ही तोडून फेकता, म्हणून आत बांधली."

सगळा उलगडा झाला. शनिवारचं रसरशीत लिंबू रविवारी वळणावर जोरात झुलायचं. मंगळवारपर्यंत ते सुकून हलकं व्हायचं, मग तारेचं टोक जोडापर्यंत पोचायचंच नाही. जितेंद्रने ओरडायला छाती भरून श्वास घेतला.

"आन् त्या जोडाले पट्टी काहून नाही लावली कोणी?" सोनिकाने आधीच विचारलं.

श्वास तसाच बाहेर गेला. जोड त्याचाच होता. पट्टी उद्या लावू, म्हणून राहिलेला.

"पण तुले तर ही गाडी आवडतच नाही," तो म्हणाला.

"नाहीच आवडत. कंबर मोडते त्यात. पण गाडीचं काम करून घरी येता ना, तवा तुम्ही गाणं म्हणत येता. त्याले नजर लागन म्हणून बांधली."

 जितेंद्रला भरून आलं. त्याने काळ्याच हाताने डोळे पुसले, तसा सगळा चेहरा काळा झाला, आणि सोनिका पोट धरधरून हसली.

जोडाला पट्टी लागली, नवा फ्यूज बसला. गाडी फाटकाशी आली तेवढ्यात रोहितचा फोन. "भाऊजी, कोणत्या बसने येऊन राहिले?"

सोनिकाने फोन हिसकावून घेतला. "बसनं नाही, गाडीनं येऊन राहिलो. आन् शालिकरामजीले सांगून दे, गाडी विकायची नाही. रस्त्यात बंद पडली तरी नाही."

उजवं वळण समोरच होतं. जितेंद्रने गाडी बिनधास्त वळवली.