भोंग्यातून गेलेली मोजणी

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. लग्नात, सभेत, बाजारात बांबूवर चढवतात ना, तोच. आता माझा आवाज बसला आहे म्हणून हळू बोलतो. एरवी हळू बोलणं माझ्या रक्तातच नव्हतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पत्रा गोल वळवला, राखाडी रंग फासला, मागे आवाज काढणारं युनिट बसवलं आणि खोक्यात कोंबलं. नागपूरच्या दुकानातून मला शालिकराम घेऊन आला. त्याचं मध्य प्रदेशातल्या सौंसरला मंडप-बिछायतीचं दुकान होतं. पहिल्याच दिवशी त्याने मला कडुनिंबाला बांधलं, माइकवर फुंकर मारली आणि ओरडला, "हॅलो, हॅलो! आवाज येऊन राहिला का बे?" नाल्यापलीकडून उत्तर आलं, "येऊन राहिला, आता बंद कर!" माझं पहिलं कौतुक ते एवढंच.

पुढे मी रग्गड काम केलं. लग्नात मंगलाष्टकं म्हटली, निवडणुकीत एकाच दिवशी तिन्ही उमेदवारांना निवडून आणलं, रिक्षावर बसून सिनेमाची जाहिरात करत लोधीखेडा, बोरगाव पालथं घातलं. मला स्वतःची भाषा नाही. माइक ज्याच्या हाती, त्याची बोली माझ्या तोंडी. घरची मराठी झाली, कचेरीची हिंदी झाली, गोंडांच्या वरातीत गोंडी गाणी झाली. भाड्याचा गडी मी, मला काय!

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. हिवाळा होता, कापसाची वेचणी आणि संत्र्याचा तोडा दोन्ही आटोपत आले होते. बौद्ध विहाराच्या मैदानात कार्यक्रम होता आणि शेजारीच आठवडी बाजार भरला होता. महिला मंडळाच्या वत्सलाबाईंनी मला ठरवलं होतं. मंचावर दोन पाहुणे होते. एक नागपूरचे प्राध्यापक सुधाकर सर, दुसरे कंबोडियाचे एक बौद्ध भिक्खू, सगळे त्यांना भन्ते म्हणत. भन्ते फार हळू बोलत. मोडकी हिंदी आणि पाली, एवढंच त्यांच्याजवळ होतं. त्यांच्या देशात मोठा संहार झाला होता आणि त्यांच्या घरचं कोणीच उरलं नव्हतं, असं वत्सलाबाईंनी ओळख करून देताना सांगितलं. त्यांनी बुद्धवंदना म्हटली तेव्हा मैदानातले सगळे त्यांच्याबरोबर म्हणाले. उच्चार निराळे होते, पण कोणाचं अडलं नाही.

मग सुधाकर सरांनी भाषण सुरू केलं.

"आशिया खंडात भाषांची मोठमोठी घराणी आहेत," सर माझ्या तोंडून सांगू लागले. "मराठी, हिंदी, बंगाली एका घराण्यातल्या. तमिळ, तेलुगू दुसऱ्या घराण्यातल्या, आणि आपल्या जंगलातली गोंडी ही त्यांचीच बहीण. तिबेटी, बर्मी यांचं घराणं तिसरं. आणि सातपुड्यातली कोरकू चौथ्या घराण्यातली. तिचे भाऊबंद थेट कंबोडिया, व्हिएतनामपर्यंत पसरले आहेत."

पहिल्या रांगेतल्या नत्थूजींनी हात वर केला. सर खूश झाले.

"सर, जेवन कितीक वाजता हाये?"

मैदान हसलं. मीही हसलो असतो, पण भोंग्याला दुसऱ्याचंच हसू हसावं लागतं.

तेवढ्यात वत्सलाबाई एका पोरीला कडेवर घेऊन मंचाजवळ आल्या. चारेक वर्षांची, निळा झगा, केसांत धूळ. बाजाराच्या तोंडाशी एकटी उभी होती म्हणे.

"कोनाची पोट्टी हाय हे?" शालिकरामने विचारलं.

"काईच सांगत नाई. मराठीत पुसलं, हिंदीत पुसलं. नुसती पाहून राहिली."

गोंडी जाणणाऱ्या एका म्हातारीला बोलावलं. ती विचारून विचारून थकली आणि म्हणाली, "आमची नोहे. कोरकू असन. डोंगरातून वेचणीले आले ना, त्याइची."

त्या मजुरांचं वेचणीचं काम संपलं होतं आणि त्यांचे ट्रक दिवस मावळायच्या आत डोंगराकडे परतणार होते. ट्रक कुठे उभे होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एकदा गेले की ही पोर कोणत्या डोंगरात, कोणत्या पाड्यावर नेऊन द्यायची?

शालिकरामने माझ्यातून पुकारा केला. मराठीत केला, हिंदीत केला, म्हातारीकडून गोंडीतही करवला. निळा झगा, चार वर्षं, विहाराजवळ या. पण बाजाराच्या दिवशी भोंग्याचं कोण ऐकतं? कार्यक्रम सुरू होईपर्यंत सकाळभर मी त्याच बाजाराला खोकल्याचं औषध आणि बनियन विकत होतो.

"सर, हे भन्तेजी अन् कोरकू एकाच घरान्यातले म्हनले ना तुम्ही?" वत्सलाबाई म्हणाल्या. "मंग बोलू द्या ना त्याइले."

सर ओशाळले. "अहो, हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या भाषा त्या. आता एकमेकींचं काही कळायचं नाही."

"मराठी-हिंदी तं आपल्याले कळूनही काई झालं नाई!"

भन्तेंना पोरीजवळ बसवलं. ते काहीतरी बोलले. पोरीने तोंड फिरवलं. ते पुन्हा बोलले, तिने डोळे मिटून घेतले. सरांचंच खरं होतं. मग त्यांनी पुढ्यातल्या टोपलीतली संत्री काढली आणि सतरंजीवर एकेक ठेवत आपल्या भाषेत मोजू लागले.

"मुय. पी. बै. बुअन."

पोरीने डोळे उघडले. ती संत्र्यांकडे पाहत राहिली, मग भन्तेंकडे. एवढा मोठा माणूस आणि धड मोजता येत नाही, असं काहीसं तिच्या तोंडावर होतं. तिने ती संत्री आपल्याकडे ओढली आणि बोट ठेवत त्यांना शिकवू लागली.

"मिया. बारी. आपई. उपून."

शालिकराम तसा मठ्ठ माणूस, पण त्या दिवशी त्याचं डोकं चाललं. त्याने माइक उचलला आणि पोरीच्या तोंडासमोर धरला.

मित्रांनो, ती भाषा माझ्या तोंडून त्याआधी कधीच गेली नव्हती. तो बारीक आवाज मी बाजारावरून, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यांवरून, पांढुर्ण्याच्या रस्त्यापर्यंत नेला. मिया, बारी, आपई, उपून, मोनोय. पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यात एवढा जोर मी कधी लावला नव्हता.

पांढुर्ण्याच्या रस्त्यावर दुसरा ट्रक सुरू झाला होता. पहिला केव्हाच गेला होता, आणि पोर त्यातच चढली असं सांगून मजुरांच्या मुकादमाने तिच्या आईला दुसऱ्यात बसवलं होतं. पोरीचा आवाज ओळखून ती बाई चालत्या ट्रकातून उडी मारून पळत आली. ढोपर फुटलं होतं, पदर रस्त्यातच कुठे गेला होता. "फुलकाय!" एवढं नावच ती ओरडली आणि पोरीवर पडली. मैदानातल्या बाया रडल्या. वत्सलाबाईंनी आपला पदर फाडून तिचं ढोपर बांधलं.

मागोमाग मुकादम धापा टाकत आला. "चलो, चलो, गाडी रुकी है!" बाई निघाली, तेव्हा भन्ते उठून तिच्या वाटेत उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

"एक बार और," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "बच्ची गिनती बोले. एक बार."

मुकादमाने तिला समजावलं. आईने पोरीच्या कानात काही सांगितलं आणि पोर मोजू लागली. भन्ते तिच्यामागून हळूहळू आपले आकडे म्हणत राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. घर सुटल्यापासून ते आकडे त्यांनी दुसऱ्या कोणाबरोबर म्हटलेच नव्हते, हे सरांनी नंतर सांगितलं. मुकादम घाई करायचं विसरला. शालिकरामने माझं बटण बंद केलं होतं, म्हणून ती मोजणी मैदानाबाहेर गेली नाही.

आता स्पीकरचे चौकोनी डबे आले, आणि मी माळ्यावर फाटक्या कनातीखाली पडलो आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. भंगारात गेलो तरी पत्र्याचा पत्राच. पण बाजारात डोंगरातलं कोणी आपल्या बोलीत बोललं की तुम्ही मुलं तोंडावर हात ठेवून हसता, ते मला इथवर ऐकू येतं. हसू नका रे. त्याला म्हणा, पुन्हा एकदा बोल. आणि तो बोलत असताना तिथून उठू नका.