चिंचदऱ्याचं पाणी

"चहा राहू द्या," रामकिशन हवालदार म्हणाला, आणि व्यंकटराव पोलीस पाटलाच्या ओसरीवर बसलेल्यांनी एकमेकांकडं बघितलं.

चारित्र्य पडताळणीला आलेला हवालदार चहा नको म्हणतो, याचा अर्थ खेड्यात एकच होतो. चांगलं लिहायला आलेला हवालदार चहा घेतो, मग भजी घेतो, आणि जाताना पिशवीत काय पडलं ते बघतही नाही. जो कशालाच हात लावत नाही त्याच्या मनात काहीतरी काळं असतं.

"मग पानी तरी घ्या," ज्ञानोबा म्हणाला. तो उमेदवाराचा बाप. त्यानं हातातला तांब्या पुढं केला. "सकाळच्या टँकरचं हाय. गार केलंय."

रामकिशननं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. उठून सायकलपाशी गेला, हँडलला अडकवलेली छागल, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी, काढून आणली आणि सगळ्यांच्या देखत बूच काढून तोंडाला लावली. अहमदपुरातून भरून आणलेलं पाणी सावकाश प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "माझं हाय माझ्यापाशी."

गावाला कारण ठाऊक होतं. रामकिशनची थोरली बहीण केवळा ज्ञानोबाला दिली होती. बहात्तरच्या दुष्काळात ती इथल्या विहिरीत पडून मेली. पंचनाम्यात आलं, पाण्याला गेली, पाय घसरला. तेव्हाही पोलीस पाटील हाच व्यंकटराव. रामकिशन नांदेडला नुकता शिपाई म्हणून लागलेला. बापाला घेऊन आपल्या गावाहून, उमरीहून, तो मातीला आला, तेव्हा बहिणीच्या काखेत दोराचे वळ त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पाय घसरलेल्या बाईच्या काखेत वळ कशाचे, असं त्यानं विचारलं. कुणी बोललं नाही. तेव्हा जाताना वेशीत उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला की या गावच्या पाण्याला पुन्हा तोंड लावणार नाही. वर्षाच्या आत ज्ञानोबानं चतुराबाईशी पाट लावला, आणि रामकिशननं धरलेला डूख आणखी खोल गेला.

डूख धरून नुसता कुढत बसणारा माणूस तो नव्हे. लातूरचा नवा जिल्हा झाला, माणसं हवी होती, तेव्हा नांदेडचे बाकीचे नाकं मुरडत असताना यानं हात वर केला. अहमदपूर ठाणं मागून घेतलं, आणि ठाण्यातही पडताळणीचं टेबल मागून घेतलं. लोकांना वाटलं, बंदोबस्त चुकवतोय. तो वाट बघत होता. चिंचदऱ्यात पोरगं वाढत होतं, आणि वाढत्या पोराला आज ना उद्या सरकारचा कागद लागतोच. लागला. पोलीस भरतीत ज्ञानोबाचा नरसिंग धावला, उडी मारली, छातीत बसला. राहिली होती ती एवढी पडताळणी. तिच्यावर एक वाईट ओळ पडली की पोरगं घरी.

नरसिंग केवळाच्याच पोटचा, हे रामकिशन विसरला होता असं नाही. आई गेली तेव्हा पाच वर्षांचा होता. पण तेरा वर्षं ज्ञानोबाच्या घरचं खाल्लं म्हणजे तो ज्ञानोबाचा झाला, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. रानात दोन वर्षं कुसळ उगवलं नव्हतं. त्या घराची सगळी आशा या नोकरीवर होती. मग घाव घालायचा तो तिथंच.

आणि पोरानं संधीही आयती दिली होती. नात्यातल्या माणसाची चौकशी नात्यातल्यानं करायची नाही, असा नियम. पण पोलीस खात्यात कुणी नातेवाईक आहे का, या प्रश्नापुढं नरसिंगनं लिहिलं होतं, कोणी नाही. ते वाचून रामकिशन ठाण्यात एकटाच हसला होता. बापानं भिऊन लिहायला लावलं असणार. मामाचं नाव लिहिलं असतं तर कागद दुसऱ्याच्या टेबलावर गेला असता. शिवाय खोटी माहिती दिली एवढ्यावरसुद्धा नोकरी जाते. मूर्खांनी आपण होऊन मान पुढं केली होती.

"तर पाटील," रामकिशननं पेन उघडलं. "उमेदवाराची आई कशानं वारली?"

"आँ?" व्यंकटराव गडबडला. "पोराच्या वागन्याचं इचारा की. तंबाखू न्हाई, भांडन न्हाई, कुनाच्या वाट्याला जात न्हाई..."

"काय विचारायचं ते मला शिकवू नका. आई कशानं वारली?"

"पाय घसरून. लिवलंय की तवाच."

"केरबा तात्या, तुमचा मळा त्यांच्या विहिरीला लागून. तुम्ही सांगा."

शेजारचा म्हातारा केरबा तेव्हाच्या पंचनाम्यासारखाच आजही पंच म्हणून आला होता. तो जमिनीकडं बघत राहिला. "लई जुनं झालं, बाबा. कशाला उकरायलाव?"

"ठीक आहे." रामकिशननं कागद घडी घालायला घेतला. "पंच बोलत नाहीत. कुटुंबाबद्दल संशयाला जागा आहे. एवढं लिहिलं की झालं."

"थांबा," ज्ञानोबा म्हणाला. तांब्या खाली ठेवून तो उकिडवा बसला, कोर्टात नेलेल्या माणसासारखा. "लिवू नका. सांगतो."

 आत पाटलाच्या घरातल्या बायकांत दाराआड बसलेल्या चतुराबाईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"हिरीचं पानी तळाला गेलं हुतं. कपारीतून वाटी वाटी झिरपायचं. ते भरायला हलकं मानूस लागायचं. केवळा हलकी हुती. काखेतून मोटेचा नाडा बांधून सोडायचो तिला. रोज. त्या दिशी म्हनली, अंगात कनकन हाय, आज नगं. दिवस बी गेले हुते तिला. मी म्हनलो, मग पोरगं काय पिईल?"

"नाडा कसा होता?"

"जुना. मधीच तुटला."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

ज्ञानोबानं मान हलवली.

"मोठ्यानं बोला, दाजी. पंचांना ऐकू आलं नाही."

"ठावं हुतं," ज्ञानोबा मोठ्यानं म्हणाला. "झिजलेला हाय हे मला ठावं हुतं."

रामकिशनला गोड वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार गोड वाटलं. ज्या ओसरीवर बसून पाय घसरला असं लिहिलं गेलं, त्याच ओसरीवर तेच पंच आज माना खाली घालून बसले होते. त्यानं छागल उचलली, पण तळाशी घोटभरही उरलं नव्हतं. ऊन मी म्हणत होतं आणि घसा कोरडा पडला होता. असू दे. आता बापाच्या समोर पोराचं नाव कापायचं आणि निघायचं.

"उमेदवाराला बोलवा."

"मी हितंच हाय."

अंगणाच्या फाटकात एक उंच पोरगा उभा होता. टँकरवरून भरलेली घागर खांद्यावर, सदरा भिजलेला. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्यानं घागर हळूच खाली ठेवली, एक थेंब सांडू दिला नाही, आणि पुढं येऊन सरळ उभा राहिला.

"ऐकलंस सगळं?"

"मला नवं न्हाई. चतुरामायनं सांगितलंय मी सातवीत असतानाच."

रामकिशनला हे अपेक्षित नव्हतं. पण हातात दुसरा घाव होता. "पोलीस खात्यात नातेवाईक, कोणी नाही. हे तू लिहिलंस?"

"व्हय."

"बापानं लिहायला लावलं?"

"न्हाई. त्यो म्हनत हुता, मामाचं नाव घाल, पाया पडू. मी घातलं न्हाई."

"म्हणजे खोटं लिहिलंस. सरकारला खोटी माहिती. एवढ्यावर घरी बसशील, कळतंय का?"

"खोटं कसं?" नरसिंगचा आवाज चढला नाही, पण त्यात असं काही होतं की केरबानं मान वर केली. "माय गेल्यावर आजी म्हनायची, रडू नगंस, मामा येईल, तुला नेईल. पंचमीला मी वेशीत जाऊन बसायचो. दिवाळीला बसायचो. येष्टीतून उतरलेलं खाकी दिसलं की पळत जायचो. गाव म्हनायचं, तुझा मामा लई बोलाचा पक्का, ह्या गावचं पानी पीत न्हाई. आधी मला बी लई भारी वाटायचं. पोरास्नी सांगायचो. मग मोठा झालो तसं डोक्यात आलं. पानी प्यायचं नव्हतं, तर पिऊ नगा. यायला काय झालं हुतं?"



नरसिंगनं त्याच्या मांडीवरच्या रिकाम्या पिशवीकडं बोट केलं. "आज कागद आला तर छागल घिऊन आलाव. तवा न्हाई सुचली छागल?"



"ह्येच्यावर माझा राग हाय तो हायच," नरसिंग बापाकडं न बघता म्हणाला. "पर ह्यानं मला टाकलं न्हाई. तुमचं नाव लिवून नोकरी घ्यायची? त्यापरीस मी टँकरवर जाईन. लिवा काय लिवायचं ते."

रामकिशननं पेन हातात धरून ठेवलं. तेरा वर्षं त्यानं एकाच माणसाला शिक्षा द्यायची म्हणून जीव जाळला होता, आणि ती शिक्षा भोगली होती वेशीत बसलेल्या पाच वर्षांच्या पोरानं. ज्ञानोबाला तर वेशीकडं बघायचंही कारण नव्हतं. केवळाक्का असती तर तिनं आज कुणाची मान खाली घातली असती, हे त्याला कळलं, आणि कळल्यावर ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

आता गोष्ट साधी होती. मी याचा मामा आहे, असं लिहिलं तर पोराचं लिहिणं खोटं ठरत होतं, नोकरी जात होती आणि सूड पुरा होत होता. पोरगं खरं बोललं असं लिहायचं तर स्वतःच्या हातानं, सरकारी कागदावर, आपण त्याचे कुणी नाही असं लिहावं लागत होतं.

त्यानं लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहीत होता. मग पंचांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. "उमेदवाराचं चारित्र्य चांगलं आहे. गावात वर्तणूक चांगली आहे. पोलीस खात्यात त्याचा कोणी नातेवाईक नाही, हे चौकशीत खरं आढळलं."

 खाली सही केली. व्यंकटरावानं आणि केरबानं आपापल्या जागी सह्या केल्या.

ज्ञानोबा हात जोडून पुढं आला. रामकिशननं त्याचे हात झटकून टाकले. "तुमच्यासाठी न्हाई. तुमचं माझ्याकडं होतं तसंच आहे, मरेपर्यंत."

तो सायकलपाशी गेला. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. अहमदपूर लांब होतं, आणि वाटेतल्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या. तो छागल हँडलला अडकवत असताना मागून नरसिंग आला. त्यानं आपल्या घागरीतून तांब्या भरून आणला होता.

"हवालदार साहेब, पानी घ्या."

मामा म्हणाला नाही. रामकिशन क्षणभर वाट बघत थांबला. शपथ घेतली होती ती केवळाच्या भावानं. आणि आत्ताच सही करून तो कुणाचा कुणी उरला नव्हता. चौकशीला आलेल्या हवालदाराला कसली शपथ?

त्यानं तांब्या घेतला. पाणी कोमट होतं आणि त्याला टँकरच्या पत्र्याचा वास येत होता. एका दमात त्यानं ते सगळं पिऊन टाकलं आणि तांब्या परत दिला.

"उन्हाचं दमानं जावा," नरसिंग म्हणाला, कुणालाही म्हणतात तसं, आणि घागर उचलून आपल्या घराकडं गेला.