कान तुटलेला मग

हे सांगायचंच नाही, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. आमच्या खोलीचा पहिला नियमच तसा आहे : इथलं बोलणं उंबऱ्याच्या आत. पण नावं गाळून सांगितलं तर चालावं. नावं तशीही मला कोणी सांगितलेली नाहीत.

मित्रांनो, मी चहाचा एक जुना मग. पांढरा, जाडजूड. भट्टीतून निघालो तेव्हा वाटलं, आता आयुष्यभर चहा आणि गप्पा. आलो कुठे, तर व्यसन सोडवायच्या केंद्रात. तेही जरा वेगळं. इथे येतात डॉक्टर, वैमानिक, फार्मासिस्ट. ज्यांच्या हातात दुसऱ्यांचा जीव असतो, अशी माणसं.

सगळे गोल करून बसतात. माझ्यात गळ्यापर्यंत पाणी भरतात. मी ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीच्यांना एकच शब्द बोलायची परवानगी : "मग?" सुरुवातीला मला वाटायचं, मलाच हाक मारताहेत. मी आपला दर वेळी ओ द्यायला तयार.

हा गोल चालवायचे कॅप्टन. आधी विमान चालवायचे. "दारूनं मला जमिनीवर आणलं," असं स्वतःच हसत सांगायचे.

एकदा ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे डॉक्टर आले. दोन आठवडे त्यांनी मला हातच लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात उचललं आणि घडाघडा सुरू झाले. "पेशंट पुरुष, वय एक्केचाळीस. पाठदुखीसाठी इंजेक्शन घेतलं, पुढे सवय जडली. डोस पेशंटच्या ताब्यात होता."

"मग?" कॅप्टन म्हणाले.

"मग पेशंटला इथे दाखल केलं."

"बरं. आणि हा पेशंट बसलाय कुठे?"

कोणीतरी फिसकन हसलं. माझ्यातलं पाणी थरथरायला लागलं. बराच वेळ गेला.

"मीच तो," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांच्या हातून निसटलो. माझा कान तुटला.

ते तसेच फरशीवर बसले आणि सांगत गेले. एका लहान मुलीला त्यांनी भूल दिली होती, आणि तिच्या उशाशी स्टुलावर बसल्या बसल्या इंजेक्शनच्या नशेत स्वतःच डुलकी घेतली होती. यंत्र ओरडत होतं, ते यांना ऐकू आलं नाही. सिस्टरला आलं. मुलगी वाचली. सिस्टर तडक वरिष्ठांकडे गेली. "तिनं मला बुडवलं, असं मी घरी सांगत फिरलो," ते म्हणाले. "वाचवलं तिनंच. आम्हा दोघांना."

तीन महिन्यांनी ते घरी गेले. पण पुढची पाच वर्षं कुठल्याही सकाळी फोन येणार, की आज तपासणीला या. घरात लग्न असो की अंगात ताप. तपासणीत औषध सापडलं, तर पुन्हा कधीच कोणाला भूल द्यायची नाही. आणि दुसरं कुठलंच काम त्यांना येत नव्हतं.

जाण्याआधी त्यांनी माझा कान चिकटवला, थोडा वाकडा. पुढे नवे मग आले, मी फळीवर मागे गेलो. एक कान वाकडा, तरी ऐकू सगळं यायचं. दर गुरुवारी डॉक्टर यायचे आणि मलाच शोधून काढायचे.

कामावर परतून त्यांना महिना झाला असेल. एका गुरुवारी थेट दवाखान्यातून आले, हिरवी टोपी खिशात तशीच. म्हणाले, "आज ट्रेमध्ये कोणीतरी त्याच औषधाची अर्धी बाटली विसरलं होतं. खोलीत मी एकटा."

या वेळी सगळ्यांच्या आधी कॅप्टनच हळूच म्हणाले, "मग?"

"मग दोन्ही हात मागे बांधले आणि सिस्टरला हाक मारली."

तीच सिस्टर. ती आली म्हणे, बाटली उचलली, आणि जाता जाता चहा घेणार का विचारलं.

मित्रांनो, मी भट्टीत भाजून निघालोय. पण एवढा जाळ सोसून उभा राहिलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. पाणी अजून हलत होतं, पण सांडलं नाही. तुमच्या आसपास कोणाचे हात असे थरथरताना दिसले तर हसू नका. "मग?" एवढंच विचारा, आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.

निघताना कॅप्टननी विचारलं, "आणि सिस्टर रजेवर असली तर?"

"तर तुम्हाला फोन."

"हात मागे बांधून?"

डॉक्टरांनी मला जपून फळीवर ठेवलं, पुढच्या रांगेत. "नाकानं नंबर दाबीन, कॅप्टन," ते म्हणाले. "पण बाटलीला हात लावायच्या आधी तुम्हाला फोन करीन."